दहा मुठींचा कठडा

भुताला रात्र लागते असं म्हणणाऱ्यानं वऱ्हाडातली चैत्राची दुपार पाहिलेली नसावी. रात्रीला निदान रातकिडे असतात, कुत्री असतात, कुणाच्या तरी खोकण्याचा आधार असतो. भर दुपारी काळ्या रानावर काहीच नसतं. झाडाची सावली झाडाच्या पायाशी गोळा होऊन बसते आणि माणसाची त्याच्या टाचेखाली शिरते. एवढ्या लख्ख उजेडात लपायला कुठं जागा नाही, आणि तरी मन म्हणतं, कुणीतरी आहे. अशाच दुपारी अकोल्यात एलोजी मिस्त्रीच्या मुठी आपोआप आवळायला लागल्या.

एलोजी झिराडकर मूळचा अलिबागेकडचा, बेने इस्राएल या ज्यू समाजाचा. आजा घाण्यावर तेल काढी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. एलोजी सुतारकामाला लागला, पण शनिवार त्यानं सोडला नाही आणि आज्याची शिकवणही सोडली नाही. आजा संध्याकाळी नातवंडांना धर्मातले नियम सांगायचा. त्यातला एक असा होता, की नवं घर बांधशील तर त्याच्या धाब्याला, म्हणजे सपाट छपराला, कठडा घाल. तिथून कुणी पडला तर त्याचं रक्त तुझ्या घरावर येईल. कठडा दहा मुठी उंच हवा, आणि माणूस सगळा भार टाकून टेकला तरी हलता कामा नये.

लहानपणी एलोजीला या नियमाचं हसू यायचं. कोकणातली घरं उतरत्या छपराची, त्यावर माकड चढलं तरी घसरतं. तिथं कोण जाऊन पडणार? "आजोबा, हा नियम माकडांसाठी आहे का?" असं विचारून त्यानं एकदा कान पिळून घेतला होता. पुढं अमेरिकेत आपसातली लढाई जुंपली, तिथला कापूस अडकला, आणि विलायतेतल्या गिरण्या वऱ्हाडाकडे तोंड वासून पाहू लागल्या. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं रुई दाबायच्या यंत्राची शेड उभारायला एलोजीला अमरावतीस आणलं. घाट चढून, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत तो आला, परकोटाच्या वेशीतून आत शिरला, आणि मान वर करून पाहतच राहिला. सगळी घरं सपाट धाब्यांची. धाब्यांवर बायका मिरच्या वाळवताहेत, पोरं धावताहेत, म्हातारे बाजा टाकून पडलेत, आणि काठाला काही नाही. नुसती मातीची कड आणि खाली रस्ता.

"मिल्का," तो बायकोला म्हणाला, "आजोबांचा नियम कोणत्या मुलखासाठी होता ते आज कळलं."

शेडचं काम संपलं, पण एलोजी परत गेला नाही. कापसानं ज्याला त्याला घर बांधायची हौस दिली होती आणि चांगला मिस्त्री मिळत नव्हता. एलोजीची अट एकच असे, कठड्याची. अमरावतीचा एक सावकार चिडून म्हणाला, "अरे, घर माह्यं, पडणारा बी माह्याच घरचा. तुले कावून एवढी चिंता?" एलोजी शांतपणे म्हणाला, "शेठ, पडेल तुमच्या घरचा, पण बांधलं कुणी म्हणून विचारणारा वर बसलाय ना." सावकार हसला आणि कठडा झाला. एलोजीची मापायची रीत पाहायला पोरं जमत. खांबाच्या तळाशी तो उजवी मूठ ठेवी, तिच्यावर डावी, पुन्हा तिच्यावर उजवी, आणि अशा दहा मुठी चढल्या की तिथं खूण करी. पहिला खांब रोवताना ओठातल्या ओठात एक आशीर्वाद म्हणे. लोक त्याला कठडेवाला म्हणू लागले. पुढं तो अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी बिऱ्हाड करून राहिला.

आदल्या वर्षी अकोटजवळच्या एका खेड्यातल्या खुशालरावानं त्याला कापसाचा कोठा बांधायला बोलावलं होतं. खुशालराव काळ्या जमिनीचा मोठा कास्तकार, मनानं वाईट नाही, पण कापसानं त्याला घाई लावली होती. दगडी भिंती, वर भक्कम धाबं. कापूस धाब्यावर उन्हात पसरायचा, बोजे बांधायचे आणि काठावरून खाली उभ्या गाडीत सरळ ढकलायचे, असा त्याचा बेत.

"कठडा नाही पायजे मिस्त्री," तो म्हणाला. "बोजे का कठड्यावरून उड्या मारतीन?"

एलोजी वाद घालायच्या तयारीत होता, पण त्याला आज्याचंच दुसरं बोलणं आठवलं. कठडा माणसाच्या घराला. कोठाराला नको, गोठ्याला नको. जिथं माणूस राहत नाही तिथं नियम नाही. म्हणजे या वेळी धर्म आणि मालक दोघांचं म्हणणं एकच होतं. असा योग मिस्त्रीच्या जन्मात क्वचित येतो. त्यानं मान डोलावली.

काम संपल्या दिवशी, निघायच्या आधी, तो भर दुपारी एकटाच धाब्यावर गेला होता. कोठा दोन पुरुष उंच. काठाच्या बरोबर खाली बैलांना पाणी पाजायची दगडी डोण. हाताला सवय असते, ती धर्म विचारत नाही. तो काठाशी उभा राहिला आणि नसलेल्या खांबावर मुठी रचू लागला. मुठीवर मूठ, हवेत, पार दहापर्यंत. मग स्वतःशीच हसून खाली उतरला. खाली आल्यावर त्याला वाटलं, वर काहीतरी विसरलं. पटाशी, करवत, गुण्या सगळं पिशवीत होतं. तो निघून आला.

यंदाच्या चैत्रात ते मुठींचं दुखणं सुरू झालं. ऊन डोक्यावर आलं की हातातलं हत्यार गळून पडे, बोटं आत वळत, आणि दोन्ही मुठी बर्फासारख्या थंड पडत. ऊन कललं की सुटत. मिल्काबाईनं तीळतेल चोळून पाहिलं, शेकून पाहिलं.

"अहो, तुम्ही दुपारचे असता कुठं?" एके दिवशी ती म्हणाली.

"कुठं म्हणजे? तुझ्यासमोर बसलोय."

"बसलेले दिसता. पण हाक मारली तर उत्तर लांबून येतं. आणि अंगानं किती उतरलात ते पाहिलंत का? हाताच्या शिरा मोजून घ्याव्यात!" ती हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत.

त्याच आठवड्यात अकोल्याच्या कापूस बाजारात त्याला जानराव भेटला. जानराव हा खुशालरावाचा गाडीवान, सदा पान खाणारा, मोठ्या आवाजाचा. गाड्यांच्या गर्दीत, उडत्या रुईनं भुवया पांढऱ्या झालेला, तो एलोजीला पाहून जागच्या जागी थबकला. त्यानं आधी एलोजीच्या पायांकडे पाहिलं, पावलं सरळ आहेत का उलटी ते.

"मिस्त्री, तुमी हिथं अकोल्यात हाये?"

"मग कुठं असणार?"

"बाप्पा! बुढी म्हणते रोज धाब्यावर येता म्हणून. आमी म्हणलं, भ्रमली. डोयात पडळ आलं तिच्या, तिले काय दिसते?"

बुढी म्हणजे खुशालरावाची आई, मैनाबाई. एलोजीनं विचारलं, "म्हातारी कोठ्याच्या धाब्यावर काय करते?"

"राह्यते ना तिथं! मालकानं भाव चढीन म्हणून कापूस दाबून ठेवला. घरात कापूस, ओसरीत कापूस, देवघरात कापूस. देव बी बिचारे कोनाड्यात अंग चोरून बसले. मंग बुढीच म्हणे, माही खोली घ्या, कापसाले उंदीर लागतीन, मले काय लागते? अन् गेली वर. कुडाची खोपी बांधून देली धाब्यावर. आता तेच तिचं घर अन् तेच आंगण."

एलोजीच्या कानात बाजाराचा कल्ला एकदम बंद झाला. कोठ्यात माणूस राहायला गेलं होतं. कोठार आता घर झालं होतं, काठ मात्र तसाच उघडा होता, आणि ते घर त्याच्या हातचं होतं. आंधळी म्हातारी, मोकळी कड, खाली दगडी डोण. पडली, तर ते रक्त कुणाच्या नावावर जाईल हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो जानरावच्या गाडीत सागवानाच्या पट्ट्या टाकून निघाला. शुक्रवारी सकाळी गाव लागलं.

खालूनच त्याला धाब्यावर मैनाबाईचं पांढरं लुगडं हललेलं दिसलं. तो दगडी पायऱ्या चढून वर गेला. धाबं कुरड्यांनी भरलं होतं आणि म्हातारी मधे बसून काठीनं कावळे हाकत होती. न दिसणाऱ्या कावळ्यांवर तिचा नेम चांगला होता.

"ये बाप्पा मिस्त्री," ती मान न वळवता म्हणाली. "आज पायऱ्यांनं आले? रोज त कुठून येता ते समजतच नाही. अन् आज सकायीच?"

"मावशी, मी रोज येतो?"

"येता ना. ऊन डोक्यावर आलं का येता. बोलत नाही, चालत नाही. तिथं, त्या कडेले उभे राह्यता, अन् असं करत राह्यता." तिनं काठी खाली ठेवली आणि सुरकुतल्या मुठी एकीवर एक रचून दाखवल्या. मुठीवर मूठ, मुठीवर मूठ. "मी पुढं गेली का छातीवर हात ठेवून मांगं लोटता. थंडा हात. रांजणातल्या पाण्यावानी. मी म्हणते, उन्हातान्हात उभा राह्यते बिचारा, म्हणून बोळक्यात पाणी ठेवते. तुमी काई पेत नाही. कावून? आमच्या घरचं चालत नाही का तुमाले?"

कडेजवळ खरंच एक मातीचं बोळकं होतं, काठोकाठ भरलेलं. पाण्यावर कापसाचा एक तंतू तरंगत होता.

"मावशी, तुम्हाला तर दिसत नाही म्हणतात."

"नाही दिसत. माह्या लेकाचं तोंड पाहून जमाना झाला. उजेड दिसते, अंधार दिसते. पण तुमी दिसता. पागोट्याचा पीळ दिसते तुमच्या." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "पण आता आता विरळ होऊन राह्यले तुमी. काल त उजेड तुमच्यातून आरपार येत होता. अन् लोटण्यात जोर नव्हता. काल मी कडेच्या जास्तच जोळ गेली होती."

एलोजीनं आपल्या मनगटांकडे पाहिलं. शिरा खरंच मोजण्यासारख्या झाल्या होत्या. त्याचं जे काही इथं उभं होतं ते त्याच्यातूनच खर्च होत होतं, आणि आता संपत आलं होतं.

खुशालराव भुताचं ऐकायला तयार नव्हता, पण आईला मिस्त्री धाब्यावर दिसत होता त्याच दिवसांत तो अकोल्याच्या बाजारात भेटल्याचं जानरावनं शपथेवर सांगितलं, तेव्हा त्यानं मान वर करून धाब्याकडे पाहिलं. "मायले म्या नाही धाडलं वर," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "तिनंच हट्ट केला."

"हट्ट त्यांचा, धाबं तुमचं, बांधकाम माझं," एलोजी म्हणाला. "आता वाद नको. मला माणसं द्या."

"घाला कठडा. पण बोजे ढकलायची जागा मोकळी ठेवा. उद्या सकायी गाड्या भरायच्या हायेत, अकोल्याले भाव चढला."

"तिथं लोटतं दार करतो. बोजे टाकताना उघडा, टाकून झाले की लावा."

पहिल्या खांबाशी एलोजीनं डोळे मिटून आशीर्वाद म्हटला आणि कामाला भिडला. माणसं माती खणत होती, खांब बसत होते, पट्ट्या ठोकल्या जात होत्या. दुपार झाली. एलोजीनं मनाशी धरलं होतं की आता मुठी आवळतील, पण तो कामाच्या ओघात होता आणि हात चालत राहिले. मैनाबाई मात्र खोपीच्या दारात बसून एकदा कडेकडे, एकदा त्याच्याकडे तोंड वळवत होती. "आज दोन दोन मिस्त्री," ती पुटपुटली. खाली उभा असलेला एक टवाळ ओरडला, "बुढे, दोघायची मजुरी मागतीन मंग!" लोक हसले. एलोजीनं मागं वळून पाहिलं नाही. तो खिळे ठोकत राहिला.

संध्याकाळपर्यंत तिन्ही बाजू झाल्या, चौथीही झाली, उरलं ते फक्त मधलं दार. त्याच्या बिजागऱ्या शेजारच्या गावचा नत्थुजी लोहार घडवून आणणार होता. नत्थुजी आला तेव्हा सूर्य रानाच्या कडेला टेकला होता. एलोजीनं बिजागऱ्या हातात घेतल्या, मावळतीकडे पाहिलं, आणि हत्यारं पिशवीत भरली.

"अहो, एक दार त राह्यलं!" खुशालराव म्हणाला. "दिवे लावून करू."

"दिवस मावळला की माझा शनिवार लागला, पाटील. आता उद्या सांजेपर्यंत हत्यार नाही. उद्या बोजे टाकून झाले की तेवढ्या जागेत दोर बांधून घ्या. विसरू नका. रविवारी पहिलं काम ते."

"बांधतो ना बाप्पा! दोरच त हाये." त्या आवाजात मन नव्हतं. ते गाड्यांत होतं.

शनिवारी सकाळभर बोजे धपाधप खाली पडत राहिले. रुईचा धुरळा एवढा उडाला की खालची माणसं पिठात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. एलोजी ओसरीच्या एका कोपऱ्यात बसून होता. आदल्या दिवशी करून ठेवलेला भात त्यानं खाल्ला, प्रार्थना म्हटली. मग गाड्या हलल्या. माणसं भाकरीला गेली. बैलही गेले. आणि एकाएकी गावावर ती दुपार पडली.

त्याच्या मुठी आवळल्या.

या वेळी त्या हळूहळू थंड झाल्या नाहीत. कुणीतरी दोन्ही मनगटं धरून ओढावं तसं झालं. तो उठला. अंगणातून त्यानं वर पाहिलं. कठड्याच्या मधोमध दात पडल्यासारखी ती फट उघडी होती. दोर कुणी बांधला नव्हता. दोराचं वेटोळं डोणीच्या शेजारी तसंच पडलेलं होतं.

दोर उचलून गाठ मारणं त्याच्या शनिवारात बसत नव्हतं, आणि मारायला वेळही नव्हता. वरून काठीचा आवाज येत होता. ठक. ठक. म्हातारी कुरड्या उलटायला निघाली होती आणि नव्या कठड्यानं तिच्या ओळखीच्या आंगणाचा अंदाज मोडला होता. एरवी ती कडेच्या वाऱ्यावरून दिशा धरी. आता वारा फक्त फटीतून येत होता, आणि ती त्या वाऱ्याकडेच चालली होती.

एलोजी पायऱ्या चढला. धावणं त्या दिवशी शोभत नाही हे त्याला पहिल्यांदाच आठवलं नाही. वर पोचला तेव्हा मैनाबाई फटीपासून हातभर होती आणि तिचा मोकळा हात पुढं चाचपत होता. हाक मारली असती तर दचकून तिचं पाऊल पुढंच पडलं असतं. तो कुरड्या तुडवत बाजूनं गेला आणि फटीत उभा राहिला. पाठीशी पोकळी, खाली डोण, दोन्ही हात दोन खांबांवर. नुसतं उभं राहणं हे काम नव्हे. तेवढं शनिवारीही चालतं.

फटीत शिरताना त्याला लख्ख जाणवलं, की तिथं आधीच कुणीतरी उभं होतं. त्या तापलेल्या दुपारी तेवढीच जागा ओल्या मातीसारखी गार होती. त्यानं पाय रोवले तेव्हा ते जे कोण होतं ते अंग चोरून बाजूला झालं, गर्दीत ओळखीच्या माणसाला जागा करून द्यावी तसं. क्षणभर त्याच्या मुठींवर दुसऱ्या दोन मुठी होत्या. मग नव्हत्या. गारवा गेला आणि ऊन त्याच्या पाठीवर चटकन बसलं.

मैनाबाईचा हात त्याच्या छातीला लागला. ती थांबली. हात तसाच ठेवून तिनं जरा वेळ चाचपलं, सदरा, खांदा, दंड, आणि मग खांब धरलेली मूठ.

"आज ऊन-ऊन लागते तुमचा हात," ती म्हणाली.

एलोजीनं पाय आणखी घट्ट रोवले.

"अन् दिसत नाही आज," ती पुन्हा म्हणाली. तिचे पांढरे डोळे त्याच्या तोंडावरून सरळ पलीकडे गेले. "उजेडच उजेड हाये. कुठं गेले?"

"इथंच आहे मी, मावशी. मागं व्हा. बसा तिथं."

ती मागं सरली, पण बसली नाही. वाकून, चाचपून तिनं कडेजवळचं बोळकं उचललं आणि उजेडाच्या दिशेनं पुढं केलं. एलोजीनं एक हात खांबावरून सोडवला. बोटं सहज उघडली. आवळलेल्या मुठी ऊन कलायच्या आत सुटल्या, असं महिनाभरात पहिल्यांदाच झालं होतं. त्यानं बोळकं तोंडाला लावलं आणि कापसाच्या तंतूसकट सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

मैनाबाई कान देऊन ऐकत होती. शेवटचा घोट उतरला तशी ती वळली आणि खाली अंगणाकडे तोंड करून, लेकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"खुशाल! अरे ऊठ, दोर घेऊन ये! मिस्त्री पाणी पेले रे!"